बेल्जियन वळणाची इम्पीरियल स्टाउट: चाखावी कशी आणि जोखावी कशी

नेदरलँड्समध्ये राहून घरी बिअर करणाऱ्या एका मराठी वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी १.०९२ आरंभिक घनतेची (आंबवण्याआधी द्रवात किती साखर आहे याचे हे माप) इम्पीरियल स्टाउट, म्हणजे भाजक्या धान्याची काळी, फार कडक बिअर, बेल्जियन मठांच्या परंपरेतील यीस्टने, १८ ते १९ अंश तापमान शेवटपर्यंत कायम ठेवून आंबवली. अंतिम घनता १.०१४ वर उतरली, म्हणजे मद्यार्क १० टक्क्यांच्या किंचित वर गेला. हॉप्स या फुलांचा कडवटपणा हिशेबाने ७० आयबीयू (कडवटपणाचे एकक) आहे आणि बाटलीतला वायू सुमारे ३ आकारमाने, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या तिप्पट आहे. स्पर्धेत एका परीक्षकाने ‘लवंगेचा वास अति झाला आहे’ असा शेरा लिहून ५० पैकी २८ गुण दिले; दुसऱ्याने ‘बेल्जियन यीस्टची ओळख पुरेशी पटत नाही’ असे लिहून ३६ गुण दिले; आणि चर्चेनंतर ३२ गुण नक्की झाले. एकाच बाटलीबद्दल असे उलटसुलट शेरे कसे येतात, अशी बिअर नेमकी कशाच्या आधारे जोखायची आणि स्पर्धेला पाठवण्याआधी ती स्वतः कशी चाखायची, हे त्यांना हवे आहे.

हे दोन शेरे मला उलटसुलट वाटत नाहीत. आपण दिलेले आकडे पाहता दोन्ही खरे असण्याचीच शक्यता अधिक आहे. बेल्जियन यीस्ट बिअरला दोन वेगवेगळ्या गोष्टी देते. एक म्हणजे फिनॉल, ज्यातून लवंग आणि मिरीसारखा मसालेदार वास येतो, आणि दुसरी म्हणजे एस्टर, ज्यांतून केळे, नासपती, मनुका, अंजीर अशा फळांचा भास होतो. या दोन गोष्टी एकत्र वाढत नाहीत आणि एकत्र कमीही होत नाहीत. आपल्या बिअरमध्ये फिनॉल भरपूर आहे आणि एस्टर थोडे आहेत, असे मानले की पहिल्या परीक्षकाला लवंग का खुपली आणि फळांची वाट पाहणाऱ्या दुसऱ्याला बेल्जियन ओळख का सापडली नाही, हे एकाच वेळी उलगडते. मात्र त्या दोघांनी ज्या प्रश्नाभोवती गुण फिरवले, तो प्रश्नच माझ्या मते दुय्यम आहे. बिअर पुरेशी बेल्जियन आहे का आणि पुरेशी स्टाउट आहे का, हे तपासून मोकळे होता येत नाही. घोट गिळल्यानंतर भाजक्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) कडवटपणा आणि यीस्टची देणगी एकमेकांना सांभाळतात की एकमेकांवर उठतात, यावर या बिअरचा निकाल लागतो.

परीक्षकांची अडचणही समजून घ्यावी. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत ‘बेल्जियन इम्पीरियल स्टाउट’ असा स्वतंत्र प्रकार नाही. अशी प्रवेशिका साधारणपणे ३४बी, म्हणजे दोन शैलींच्या मिश्रणाच्या वर्गात जाते, आणि तिथे बिअर करणाऱ्याने लिहिलेले वर्णन हाच परीक्षकाचा मुख्य आधार असतो. इम्पीरियल स्टाउट, म्हणजे २०सी, आणि गडद, कडक बेल्जियन एल, म्हणजे २६डी, यांचे आकडे शेजारी ठेवले की तिढा स्पष्ट होतो. मद्यार्क दोन्हींत ८ ते १२ टक्के आहे. अंतिम घनता मात्र स्टाउटला १.०१८ ते १.०३० आणि बेल्जियन एलला १.०१० ते १.०२४ दिलेली आहे. कडवटपणा स्टाउटला ५० ते ९० आयबीयू आणि बेल्जियन एलला केवळ २० ते ३५ आयबीयू आहे. आपली बिअर १.०१४ वर थांबली, म्हणजे अंगाने, तोंडातल्या भरीवपणात, ती बेल्जियन झाली. ७० आयबीयू ठेवल्यामुळे कडवटपणात ती स्टाउटच राहिली. अंगात गोडवा उरलेला नसताना स्टाउटचा सगळा कडवटपणा पेलण्याची जबाबदारी तिच्यावर आली, आणि माझ्या अंदाजाने खरे दुखणे तिथे आहे.

बेल्जियमने या शैलीला काय दिले, हे जाणून घेतल्याशिवाय मापदंड ठरत नाही. इम्पीरियल स्टाउट मूळची लंडनची. साउथवर्कमधील थ्रेल यांची अँकर ब्रुअरी, जी १७८१ मध्ये बार्कली आणि पर्किन्स यांच्याकडे गेली, तिथली कडक स्टाउट बाल्टिक समुद्रामार्गे रशियाला जात असे आणि तिच्या नावातला ‘इम्पीरियल’ हा शब्द त्या दरबारी गिऱ्हाइकीशी जोडला गेला. बेल्जियममध्ये कडक स्टाउटची आवड ब्रिटिश बेटांवरून आलेल्या बाटल्यांमुळेही रुजली. गिनेसने जॉन मार्टिन या बेल्जियन आयातदारासाठी ८ टक्क्यांची खास निर्यात स्टाउट केली. पुढे स्थानिक ब्रुअऱ्यांनी आपापल्या यीस्टने ती करायला घेतली, आणि तिथून वाटा फुटल्या.

पश्चिम फ्लँडर्समधील एसेन या गावी १९८० मध्ये सुरू झालेल्या द डोले ब्राउवर्सची ‘स्पेशल एक्स्ट्रा एक्स्पोर्ट स्टाउट’ ९ टक्क्यांची आहे. तिच्यात भाजकेपणाच्या जोडीला एक हलका आंबटपणा जाणवतो आणि तोच तिला हलती ठेवतो. त्याच प्रांतातील ओस्टफ्लेटरेनच्या स्ट्राउसे ब्राउवर्सची ‘ब्लॅक अल्बर्ट’ १३ टक्क्यांची, दाट आणि भारदस्त आहे. ती अमेरिकेतील मेन राज्यात लव्हेल येथे असलेल्या एबेनेझर्स पबसाठी प्रथम तयार झाली आणि तिच्या कर्त्यांनी तिला ‘बेल्जियन रॉयल स्टाउट’ म्हटले. वालोनियातील एलझेलची ‘हर्क्युल’ सुमारे ९ टक्क्यांची आहे, आणि व्हान डेन बॉस्शची ‘बफेलो बेल्जियन स्टाउट’ही तितकीच कडक आहे. या चार बाटल्या एका ओळीत ठेवून प्यायल्या, तर त्यांच्यात एकच समान सूत्र शोधणे कठीण जाते, आणि ही गोष्ट परीक्षकाने मनाशी पक्की बाळगली पाहिजे. एखाद्या परीक्षकाने आयुष्यात केवळ ‘ब्लॅक अल्बर्ट’ प्यायली असेल, तर तो प्रत्येक प्रवेशिकेत दाटपणाच शोधेल आणि द डोलेच्या वळणाची हलकी, किंचित आंबट बिअर त्याला सदोष वाटेल. अमेरिकेत तर याहून निराळे प्रयोग झाले आहेत. स्टोन ब्रुइंगने २०११ साली आपल्या रशियन इम्पीरियल स्टाउटची बेल्जियन यीस्ट आणि चक्रीफूल वापरलेली आवृत्ती काढली होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. भाजलेले जव आणि काळे माल्ट यांतून कॉफी, कडू चॉकलेट आणि करपट अशा छटा येतात. त्यांच्यासोबत थोडा तुरटपणा, थोडी आम्लता आणि ग्वायाकॉलसारखे धुरकट वास देणारे घटकही येतात. हे धुरकट घटक रसायनाच्या दृष्टीने फिनॉलच आहेत. बेल्जियन यीस्टचे लवंगी फिनॉल, ज्याला चार-व्हिनाइल ग्वायाकॉल म्हणतात, त्याच कुळातले आहे. माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून यीस्ट ते तयार करते. म्हणजे आपण एका फिनॉलवर दुसरे फिनॉल चढवत असतो. प्रमाण थोडे असेल तर ते कॉफीला मसालेदार कडा देते आणि सुंदर लागते. प्रमाण वाढले की दोघे मिळून एक तिसराच वास तयार करतात, जो फोडणीत लवंग करपल्यावर घरभर पसरणाऱ्या वासाच्या फार जवळचा असतो. आपल्या पहिल्या परीक्षकाने ‘लवंग अति’ असे लिहिले, तेव्हा त्याच्या नाकाला बहुधा ही जोडगोळी जाणवली असावी. तेवढ्याच लवंगेबद्दल एखाद्या त्रिपेलमध्ये, म्हणजे फिक्या रंगाच्या कडक बेल्जियन बिअरमध्ये, त्याने तक्रार केली नसती.

एस्टरचे गणित याच्या उलट आहे. मनुका, खारीक, अंजीर, पिकलेला आलुबुखारा या छटा भाजक्या माल्टच्या कडवटपणाला गोडव्याचा आभास देतात. प्रत्यक्ष साखर नसतानाही जीभ मऊ झाल्यासारखी वाटते. म्हणून या शैलीत मी एस्टरला मित्र मानतो आणि फिनॉलकडे सावधपणे पाहतो. सगळेच एस्टर मात्र उपयोगाचे नसतात. केळ्याचा वास देणारे आयसोअमिल ॲसिटेट कॉफीशेजारी विसंगत लागते आणि थोडे जास्त झाले की बिअर बालिश वाटू लागते. इथाइल ॲसिटेट तर नखांवरचा रंग पुसण्याच्या द्रवाचा वास देते आणि तो उघड दोष आहे, मग वर्णनात कितीही ‘बेल्जियन’ लिहिलेले असो.

तिसरा पदर कोरडेपणाचा आणि वायूचा आहे, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त बिअर इथेच घसरतात. बेल्जियन यीस्ट साखर खूप खोलवर खाते, त्यात कँडी साखर (बेल्जियन बिअरमध्ये घालतात ती पूर्ण आंबणारी साखर) घातली की अंग आणखी हलके होते; त्रिपेलमध्ये हाच गुण असतो. इम्पीरियल स्टाउटमध्ये मात्र उरलेला गोडवा म्हणजे भाजक्या माल्टखाली घातलेली गादी असते. ती काढून घेतली की कडवटपणा, तुरटपणा आणि आम्लता उघडी पडतात. त्यावर ३ आकारमानांचा वायू आला की कार्बोनिक आम्लाचा चावरेपणा त्यात मिसळतो, फसफस जिभेवरून चटकन निघून जाते आणि मागे राखेसारखी खरखर उरते. इंग्रजी किंवा अमेरिकी इम्पीरियल स्टाउट बहुधा २ आकारमानांच्या आसपास ठेवतात, ते उगाच नाही.

हे सगळे वाचून पटण्यापेक्षा ग्लासात पाहावे. आपण नेदरलँड्समध्ये आहात, त्यामुळे साहित्य सहज मिळेल. द मोलेन या डच ब्रुअरीची ‘हेल अँड फरडूमेनिस’ किंवा यीस्टचा वास न येणारी कोणतीही चांगली इम्पीरियल स्टाउट, ‘रोशफोर १०’ आणि ‘वेस्टमाल त्रिपेल’ अशा तीन बाटल्या घ्याव्यात. एका ग्लासात स्टाउटचे तीन भाग आणि रोशफोरचा एक भाग मिसळावा. दुसऱ्यात स्टाउटचे तीन भाग आणि त्रिपेलचा एक भाग. ११.३ टक्क्यांची रोशफोर सुक्या फळांकडे झुकणारी आहे, तर ९.५ टक्क्यांची त्रिपेल कोरडी, मिरी-लवंगेची आणि भरपूर वायूची आहे. पहिल्या ग्लासात स्टाउट गोलाई धरते आणि कोकोच्या मागे मनुका उमटतात. दुसऱ्यात तीच स्टाउट एकदम टोकदार होते, कडवटपणा वाढल्यासारखा वाटतो, वस्तुतः मात्र त्रिपेलचा कडवटपणा स्टाउटपेक्षा बराच कमी असतो. फिनॉल, कोरडेपणा आणि वायू मिळून भाजकेपणाला काय करतात, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा सोपा मार्ग मला माहीत नाही. नव्या परीक्षकांना ही शैली समजावताना मी याच प्रयोगापासून सुरुवात करतो.

स्वतःची बाटली चाखताना ती आदल्या दिवशी उभी करून थंड जागी ठेवावी, कारण या बिअर बाटलीतच पुन्हा आंबवलेल्या असतात आणि तळाचा साका ढवळला गेला तर यीस्टची चव सगळ्यावर बसते. साका मागे ठेवून, एका हातात ग्लास तिरका धरून, एकसंध ओतावे. ग्लास खाली रुंद आणि वर निमुळता असावा आणि तो तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरू नये. सुरुवातीचे तापमान १० अंशांच्या आसपास असावे आणि बिअर हातात धरून १४ ते १५ अंशांपर्यंत येऊ द्यावी. थंड ग्लासात दोष लपतात, विशेषतः विरघळकांसारखे (नखांवरचा रंग पुसण्याच्या द्रवासारखे) वास आणि मद्यार्काची जळजळ; उबदार ग्लासात ते बाहेर पडतात. म्हणून केवळ थंड असताना दिलेल्या गुणांवर मी विश्वास ठेवत नाही.

रंगरूपावर फार वेळ घालवू नये; बीजेसीपीच्या ५० गुणांपैकी त्याला ३ आहेत आणि ते पुरेसे आहेत. काळा रंग, प्रकाशासमोर धरल्यास कडेला तपकिरी किंवा लालसर झाक, आणि तांबूस-बदामी फेस इतके पाहावे. मद्यार्क जास्त असूनही फेस टिकला, तर ते बेल्जियन वळणाच्या बाजूचे चांगले लक्षण आहे. बाटली उघडताच फेस उसळून बाहेर आला, तर मात्र नोंद करून पुढे जावे, कारण जंतुसंसर्ग असल्यास तो चवीत सापडेलच.

वासाला १२ गुण आहेत आणि त्यासाठी घाई करावी लागते, कारण हलके वास पहिल्या अर्ध्या मिनिटात उडून जातात. ओतल्याबरोबर दोन लहान हुंगणी घ्यावीत आणि जे आधी आले ते लिहून ठेवावे. मग ग्लासावर तळहात ठेवून बिअर घोळवावी, हात काढावा आणि पुन्हा हुंगावे. पहिल्या हुंगण्यात लवंग पुढे आली आणि दुसऱ्यात कॉफी, तर दोघे वेगळे राहिले आहेत. दोन्ही वेळा ‘करपलेले काहीतरी’ एवढेच सांगता आले, तर ते एकमेकांत अडकले आहेत. गडद कँडी पाकाचा वास ओळखताना मराठी नाकाला काकवी आणि जळक्या गुळाची सवय कामी येते. मात्र युरोपातल्या स्पर्धेत शेरा लिहिताना बिअर करणाऱ्याला कळेल असाच शब्द निवडावा. लाकडाच्या पिंपात मुरवलेल्या प्रवेशिकेत व्हॅनिला आणि नारळाच्या छटांमुळे यीस्टची ओळख सहज बुजते, तेव्हा तिसऱ्यांदा, ग्लास पुरता कोमट झाल्यावर, वास घ्यावा.

चवीला २० गुण आहेत. पहिला घोट फक्त जीभ ओली करण्यासाठी असतो. त्यावरून मत बनवू नये, कारण आधीच्या बिअरची किंवा नुसत्या पाण्याची चव त्याला चिकटलेली असते. दुसरा घोट तोंडात तीन-चार क्षण फिरवून गिळावा आणि तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडावा. वाइनच्या परीक्षणात थुंकण्याची रीत आहे, परंतु बिअरचा कडवटपणा घशापाशी पूर्ण कळतो, म्हणून बिअरचे परीक्षक गिळतात. अशा कडक बिअरचा घोट त्यामुळे लहानच असावा. आता मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे आणि काय कोणत्या क्रमाने जाते, ते पाहावे. उत्तम बिअरमध्ये आधी माल्टचा गोडवा येतो, त्यात कोको किंवा कॉफी उमलते, फळे मध्यभागी दिसतात, मसाला नाकाने सोडलेल्या श्वासात जाणवतो, आणि शेवटी कडवटपणा सर्वांना सोबत घेऊन हळूहळू उतरतो. बिघडलेल्या बिअरमध्ये गोडवा आणि फळे दोन-तीन क्षणांतच निघून जातात, आणि उरलेले सात-आठ क्षण केवळ तुरट, करपट, लवंगी असे काहीतरी जिभेच्या मागच्या भागावर बसून राहते. माझ्या गुणपत्रिकेत चवीच्या २० पैकी निदान ८ गुण या दहा क्षणांवर ठरतात. हा माझा स्वतःचा हिशेब आहे, नियमपुस्तकातला नाही, पण या शैलीत तो मला दर वेळी उपयोगी पडला आहे.

तिसरा घोट तापमान वाढल्यावर, कोरड्या पावाचा तुकडा आणि पाणी घेऊन झाल्यावर घ्यावा. याच घोटात मद्यार्क तपासावा. छातीत हळूवार ऊब पसरली तर ती हवीच आहे. नाकात झिणझिण्या आणि घशात जळजळ झाली तर जड मद्यार्क (साध्या मद्यार्काहून तिखट, जळजळीत प्रकार) झाले आहेत, आणि त्याचे कारण बहुधा आंबवणीच्या पहिल्या दोन दिवसांतले अति तापमान असते. आंबटपणा आढळल्यास लगेच गुण कापू नयेत. भाजके माल्ट बिअरला मुळातच थोडे आम्ल करते, आणि द डोलेच्या वाटेने जाणाऱ्या बिअरमध्ये तो हेतुपुरस्सर असू शकतो. तो आंबटपणा स्वच्छ आहे का आणि वर्णनात त्याचा उल्लेख आहे का, हे दोन्ही पाहून ठरवावे. सॉय सॉससारखी खारट-मांसल चव मात्र मेलेल्या यीस्टची आणि म्हातारपणाची खूण असते, आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास हवेच्या संपर्काची.

या शेवटच्या गोष्टीचा संबंध महाराष्ट्रातल्या वाचकांशीही येतो. मुंबई-पुण्याकडे बेल्जियन बाटल्या मिळतात, परंतु गोदामात किंवा दुकानात त्या उन्हाळ्याच्या तापमानात उभ्या राहिल्या असतील, तर आपण जे चाखतो ती त्या ब्रुअरीची बिअर उरलेली नसते. गडद, कडक बिअर टिकतात हे खरे आहे, परंतु त्या थंड तळघरात टिकतात. अशा बाटलीवरून शैलीबद्दल मत बनवू नये आणि परीक्षकाची तयारी तर मुळीच करू नये.

स्पर्धेत सलग अनेक प्रवेशिका असतात, तेव्हा आणखी एक पथ्य पाळावे लागते. कमी मद्यार्काकडून जास्तीकडे आणि साध्याकडून पिंपातल्या किंवा मसाला घातलेल्या बिअरकडे जावे, आणि सगळे संपल्यावर पहिल्या दोन प्रवेशिका पुन्हा चाखाव्यात. पहिल्या बिअरला ताज्या जिभेचा फायदा मिळतो की अनोळखीपणाचा तोटा होतो, हे आधी सांगता येत नाही. पुन्हा चाखल्यावर मात्र कळते. दोन परीक्षकांच्या गुणांत ७ हून अधिक अंतर राहू नये, असा संकेत आहे. आपल्या बाबतीत ते ८ होते, म्हणून चर्चा झाली. त्या चर्चेत एकाने दुसऱ्याला ‘तुला जी लवंग लागते, तिच्याबरोबर फळ लागते का?’ इतकेच विचारले असते, तरी दोघांचे शेरे एका वाक्यात आले असते आणि त्या वाक्याचा आपल्याला ३२ या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोग झाला असता. ३० ते ३७ हा पट्टा ‘फार चांगली’ या श्रेणीचा आहे, हेही लक्षात असू द्यावे. ही वाया गेलेली बिअर नाही. तोंडातल्या पोताच्या ५ गुणांत आणि एकूण परिणामाच्या १० गुणांत आपल्याला फटका बसला असेल, तर तो कोरडेपणा आणि वायू यांमुळे, असा माझा कयास आहे. आपली बाटली मी चाखलेली नसल्यामुळे याहून पुढे जात नाही.

पुढच्या वेळी काय बदलावे, हे आता वेगळे सांगण्याची फारशी गरज नाही, तरी क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी वायू ३ वरून २.३ ते २.५ आकारमानांवर आणावा. यासाठी पाककृतीला हातही लावावा लागत नाही आणि फरक सर्वांत मोठा पडतो. नंतर माल्ट भिजवण्याचे तापमान ६७-६८ अंशांवर नेऊन आणि कँडी साखर वापरली असल्यास ती निम्मी करून अंतिम घनता १.०२० च्या आसपास थांबवावी. भाजलेल्या जवाचा काही भाग साल काढून भाजलेल्या माल्टने बदलावा, म्हणजे रंग आणि कोको राहतात व तुरटपणा उतरतो. आंबवण १८ अंशांवर सुरू करणे योग्यच आहे, कारण जड मद्यार्क त्या पहिल्या टप्प्यात रोखले जातात. परंतु दोन दिवसांनंतर तापमान हळूहळू २२-२३ अंशांपर्यंत चढू द्यावे. आपण ते शेवटपर्यंत १८-१९ वर अडवून ठेवले, त्यामुळे फळांचे एस्टर मागे राहिले. लवंगेचे फिनॉल मात्र थंडीने तसे मागे हटत नाही. माल्ट भिजवताना ४५ अंशांच्या आसपास थांबत असल्यास तो टप्पा वगळावा, कारण त्यात फेरुलिक आम्ल जास्त सुटते.

आत्ता हाती असलेल्या बाटल्या फेकू नयेत. लवंगेचे फिनॉल बाटलीत काळाबरोबर कमी होत जाते आणि भाजकेपणाही मऊ होतो, त्यामुळे १२ अंशांच्या आसपास अंधाऱ्या जागी सहा महिने ठेवल्यास याच बिअरचे संतुलन आपोआप सुधारण्याची चांगली शक्यता आहे. कोरडेपणा तेवढा तसाच राहील. तेव्हा ती पुन्हा स्पर्धेला पाठवायची झाल्यास वर्णनात नुसते ‘बेल्जियन इम्पीरियल स्टाउट’ न लिहिता असे लिहावे: ‘इम्पीरियल स्टाउट, मठांच्या परंपरेतील बेल्जियन यीस्टने आंबवलेली, १०.२ टक्के, अंगाने हलकी आणि शेवटी कोरडी, मसालेदार यीस्ट पुढे आणि फळे मागे, बाटलीत सहा महिने मुरवलेली.’